विहिरीचं पाणी

तपासणी केंद्रात कुमुदने बाबांचा फवारणी पंप टेबलावर ठेवला. बाबांच्या शिरस्त्याप्रमाणे तिने तो विहिरीच्या काठावर तीनदा धुतला होता आणि विहिरीचंच पाणी भरून आणला होता; उरलेलं पाणी कॅनमध्ये सोबत घेतलं होतं. नव्या कायद्याचे पंप आतला द्रव ओळखत. कीटकनाशक असेल तरच सुरू होत. साध्या पाण्याला पंप गप्प राहिला की तपासणीत पास.

तपासणी करणाऱ्या गेडाम साहेबांनी बटण दाबलं. पंप घरघरून सुरू झाला.

“ताई, नीट धुतला नाही वाटतं. तुमचे बाबा किती चकचकीत करून आणायचे! यंदा ते कुठं गेले?”

“वारले. महिना झाला.”

साहेब ओशाळले. त्यांनी स्वतः पंप खळखळून धुतला आणि केंद्राच्या नळाचं पाणी भरलं. पंप गप्प राहिला. मग त्यांनी कुमुदच्या कॅनमधलं उरलेलं पाणी ओतलं. पंप पुन्हा घरघरला.

“हे पाणी कुठलं?” त्यांनी हळूच विचारलं.

“आमच्या विहिरीचं,” कुमुद म्हणाली. दवाखान्यातलं पाणी बाबांना नको असे. म्हणून ती रोज पहाटे विहिरीचं ताजं पाणी न्यायची आणि चमच्याने पाजायची. शेवटच्या दिवशीही पाजलं होतं.

तिने घरी फोन लावला. “आई, विहिरीचं पाणी पिऊ नकोस.”

“बरं बाई, नाही पीत. पण शाळेची टाकी मघाशीच आपल्या विहिरीवरून भरून गेली. पोरं जेवायलासुद्धा बसली असतील.”