रांगेतला पाचवा

"पाचवा," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांचं बोट काचेला टेकलं होतं. "हाच तो."

हवालदाराला हसू फुटलं. साहेबांनी डोळे वटारले, तसं त्याने ते खोकल्यात बुडवलं.

काचेपलीकडे सहा माणसं ओळीने उभी होती. पाचव्याच्या कपाळावर आडवा व्रण, नाक मोडून बसलेलं आणि नजर अशी, की लहान मुलाने बघताक्षणी भोकाड पसरावं.

"जरा दुसऱ्याकडे बघा, बाई."

दुसरा गोरागोमटा नळदुरुस्तीवाला होता. खुनाच्या दुपारी तो बाईंच्याच गल्लीत कामाला होता, म्हणून त्याला धरून आणलं होतं.

"बघितलं. तो नाही."

साहेबांनी त्यांना खोलीत आणून खुर्ची दिली. "पुन्हा एकदा सांगा. काय पाहिलंत?"

"मी न्हाणीत होते. धडपड ऐकली म्हणून दार किलकिलं केलं, तर हे जमिनीवर पडलेले. तो कपाट उचकत होता. ओट्यावर दूध उतू चाललं होतं. त्याने गॅस बंद केला, दुधावर फुंकर घातली, पक्कड पातेल्यावर आडवी ठेवली आणि गेला." बाईंचा आवाज चिरकला. "यांचा जीव घेतला मेल्याने, आणि दूध वाचवलं!"

"चोर भलताच संसारी," हवालदार पुटपुटला.

"धक्क्यात माणसाला काहीबाही दिसतं, बाई," साहेब म्हणाले. "तो पाचवा आमचाच माणूस आहे. लाडाने डाकू म्हणतो आम्ही. रांगेत माणूस कमी पडला की हातातलं काम टाकून येतो बिचारा. आजवर सात जणांनी त्यालाच ओळखलंय. पाकीटमार तोच, घरफोड्या तोच. एकदा तर तुरुंगातून पळालेला कैदीही तोच ठरला! आणि माणूस कसा? मुंगीसुद्धा मारणार नाही. दिवसभर इथेच राबतो, दुपारी तेवढा बाजाराला जाऊन येतो."

बाईंचा चेहरा उतरला. वर्गातली काच कोणी फोडली हे त्या तीस वर्षं पोरांच्या तोंडाकडे बघून सांगत आल्या होत्या. एकदाच चुकल्या. एका दात पुढे असलेल्या, किरट्या मुलीला त्यांनी पेनचोर ठरवलं. पेन त्यांच्याच पिशवीत सापडलं, पण ती मुलगी काही परत शाळेत आली नाही.

"दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं," साहेब हळू आवाजात म्हणाले. "तुमच्या बोटामुळे तो नळवाला आता सुटणार, ते वेगळंच. निदान या गरिबामागे चौकशीचा ससेमिरा नको. एवढं लिहून द्या."

कागदावर लिहिलं होतं, की ओळखण्यात माझी चूक झाली, पाचव्या क्रमांकाच्या इसमाला मी याआधी कधीही पाहिलेलं नाही. बाईंनी तो दोनदा वाचला. यांच्या खुन्याला शिक्षा व्हावी, एवढ्या एका आशेवर त्या तीन आठवडे तग धरून होत्या. आज खुनी सुटला आणि वर एका निरपराध माणसाकडे बोट दाखवलं. त्यांना स्वतःची शिसारी आली. त्यांनी सही केली.

"मला त्यांची माफी मागायचीय."

साहेब स्वतः त्यांना कँटीनमध्ये घेऊन गेले. एप्रन बांधून डाकू कामाला लागला होता. त्याच्या मागे शेगडीवर मोठं पातेलं होतं. बाईंना बघताच त्याने घाईघाईने एक स्टूल पुसून पुढे केलं.

"चुकले हो मी," बाई म्हणाल्या. "तुमच्या नुसत्या तोंडाकडे बघून…"

"असू द्या, बाई." त्याचा आवाज अगदी मऊ होता. "मला सवय आहे. तुमच्या दुःखापुढे माझं काय एवढं? बसा, चहा घेऊन जा."

"बघा," साहेब कौतुकाने म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्यात मागे दूध वर चढलं. बोलता बोलताच डाकूने गॅस बंद केला, दुधावर फुंकर घातली आणि पक्कड पातेल्यावर आडवी ठेवली.