करंजवाडीतली पहिली चारचाकी

“रस्ता तुम्ही खाल्लात, साहेब. नुसता खाल्ला नाहीत, वर ढेकर दिलात. खडी खाल्लीत, डांबर खाल्लंत, मोऱ्यांचे पाइपसुद्धा सोडले नाहीत. आणि आता तोंड पुसून पाहणीला येताय?”

सुजित स्टिअरिंगवर हात आपटत बोलत होता. साहेब समोर नव्हता. सुजितने रस्त्यासाठी केलेल्या अर्जावरून तो उद्या करंजवाडीला पाहणीला येणार होता. आजची नुसती तालीम.

“असंच बोल उद्या,” मागच्या सीटवरून आवडाबाई म्हणाली. “पन आवाज जरा खाली घे रं. गाडी भाड्याची हाय, काच तडकंल.”

गाडी भाड्याचीच होती, अलिबागला गाड्या भाड्याने देणाऱ्या धर्माकडची. नंबराची काळी पाटी, पिवळे आकडे, आणि कंपनीचं सगळ्यात वरचं मॉडेल. चारही चाकांना इंजिनाची ओढ, उघडणारं छत, चामड्याच्या सीटा. एरवी तिच्यात बसून मुंबईची पोरं वाळूत चाकं फिरवायची आणि फोटो काढून परत जायची. सुजित शाळेची बस चालवणारा. अशी गाडी त्याने कधी धुतलीसुद्धा नव्हती. आवडाबाईने तर चपला काढून मांडीवर घेतल्या होत्या.

तिचा पाय मोडला तेव्हा वाडीतल्या माणसांनी खुर्चीला बांबू बांधून तिला डोंगराखाली आणलं होतं. हाड जुळलं, पण चढ कायमचा सुटला. तेव्हापासून ती अलिबागला, लेकाच्या, म्हणजे सुजितच्या, खोलीत. जेवता जेवता हात थांबायचा आणि म्हणायची, “आता ऊन माझ्या ओट्यावर आलं असंल.” सुजितने टीव्ही लावला तर बंद करायला लावायची. त्या वेळेला वाडीत कोण कुणाला हाका मारतं ते तिला मनात ऐकायचं असायचं.

सुजितने बेत केला होता. साहेब उद्या धापा टाकत पायी चढणार. वर ओट्यावर आवडाबाई बसलेली असणार, आणि खुर्चीतून दरी बघत उतरताना जीव कसा होतो ते त्याला स्वतःच्या तोंडाने सांगणार. म्हणजे वाडीला रस्ता मिळेल, आयेला तिचं घर परत मिळेल. म्हणून आजच तिला वर न्यायचं.

डांबर संपलं तिथे एक माणूस दगडावर बसला होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट हातात.

“वाडीत जाताय का? मला घ्याल? हा चढ काही झेपत नाही.”

“बसा की. कुणाकडं जायचंय?”

“सगळ्यांकडेच थोडंथोडं काम आहे,” तो हसला आणि पुढे बसला.

आवडाबाईने त्याला मागून न्याहाळलं. इस्त्रीचा शर्ट, मवाळ बोलणं. “नीराबाईचं जावई न्हव का तुमी? पालीचं? लग्नाला येता आलं न्हाय बघा. पाय असा.”

त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात चाक खड्ड्यात गेलं आणि त्याने वरचा दांडा घट्ट धरला.

“लाजतंय,” आवडाबाई खुशीत म्हणाली.

पुढे रस्ता नव्हताच. पावसाने धुऊन नेलेली एक जखम होती. सुजितने गाडी सगळ्यात खालच्या गिअरला घातली. गाडी एका अंगावर कलली, घसरली, पुन्हा चढली. आवडाबाई देवाचं नाव घेत होती. सुजित साहेबाचं.

“बघताय ना पाव्हणं? ह्याला रस्ता म्हणतात! तो साहेब गावला ना, तर ह्याच खड्ड्यात पुरतो त्याला.”

“पुरा की,” पाहुणा म्हणाला. “पण आधी आजींना वर पोचवा.”

वाहून गेलेल्या मोरीपाशी तो आपणहून उतरला. दगड उचलून चाकाखाली लावले, इस्त्रीचा शर्ट चिखलाने भरवला. सुजितला माणूस आवडला.

शेवटच्या वळणावर खाली समुद्र दिसला. “थांब,” आवडाबाई म्हणाली. ती बघत राहिली.

“अगं आये, अलिबागला रोज बघायचीस की समुद्र.”

“त्यो तुमचा,” ती म्हणाली. “ह्यो माझा.”

गाडी देवळापुढे आली आणि अख्खी वाडी धावली. नीराबाईने चाकापुढे नारळ फोडला, बॉनेटवर कुंकू लावलं, आवडाबाईला ओवाळलं. पोरं टायरला हात लावून पळत होती. आजवर वाडीत चारचाकी आली नव्हती. सुजितने अर्जात लिहिलं होतं तेही तेच.

पाहुण्याने मोबाइल काढला. “आजी, गाडीला टेकून उभ्या राहा. मागे देऊळ येऊ दे. सुजितराव, तुम्हीपण.” दोघं हसून उभे राहिले.

मग आवडाबाई देवळाशेजारच्या आपल्या ओट्यावर जाऊन बसली. तळहाताने जमीन चाचपत राहिली, झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून हात फिरवावा तशी. डोळ्यांतलं पाणी पुसलंही नाही.

“नीरे, जावई गुणाचा मिळाला गं तुला. दगड उचललं त्यानं माझ्यासाठी.”

“माझा जावई?” नीराबाईच्या हातातलं ताट थांबलं. “त्यो तर सुरतेला हाय.”

पाहुण्याने पँटच्या घड्या सोडल्या, बूट घातले. “उद्याची पाहणी आजच उरकली,” तो म्हणाला. आवाज तसाच मवाळ. “माझी जीप तर डांबर संपलं तिथेच हरून परत गेली होती.”

“मग तेच लिहा की साहेब!” सुजित पुढे होत म्हणाला.

“माझ्या जीपबद्दल मला वरून कुणी विचारलेलं नाही. चारचाकी पोचली तर रस्ता आहे असं धरायचं, नवा द्यायचा नाही. एवढंच सांगितलंय.” तो आवडाबाईसमोर उकिडवा बसला. “आजी, तुमच्याच तोंडून ऐकायचंय. दारापर्यंत गाडीने आलात. हो की नाही?”