ठराव क्रमांक सात

माइक हातात आला तेव्हा मावशी उभ्या राहिल्या. तीस वर्षं त्यांनी या कंपनीच्या पंपांच्या मोटारींत तार गुंडाळली होती. निवृत्त होताना मिळालेल्या वीस शेअरांच्या जोरावर त्या आज पहिल्यांदाच वार्षिक सभेला आल्या होत्या. पडद्यावर सातवा ठराव होता : कंपनीच्या मुख्य साहेबांचा पगार दीडपट करणे. यंदाचा विक्रमी नफा ही साहेबांच्याच नेतृत्वाची किमया, असं सेक्रेटरी नुकताच सांगून बसला होता.

"माझा आपला साधा प्रश्न आहे," मावशी म्हणाल्या. "तीन वर्षांपूर्वी तोटा झाला, तेव्हा तुम्ही म्हणालात बाजार पडला. आमची पगारवाढ थांबली, साहेबांची नाही. आता नफा झाला, तर तो साहेबांमुळे. मग हा बाजार नुसता पडतोच का? चढत नाही कधी?"

सभागृहात खसखस पिकली. साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. सेक्रेटरी घाईघाईने इतर कंपन्यांतले पगार वाचून दाखवू लागला. मावशी मटकन खाली बसल्या.

शेजारच्या जाड चष्म्याच्या आजींनी त्यांच्या हातावर थोपटलं. "बरोबर बोललात. लहानपणापासून त्याचं हेच. पास झाला की म्हणायचा, मी अभ्यास केला. नापास झाला की पेपर अवघड होता."

"कोणाचं?"

आजींनी हनुवटीनेच व्यासपीठाकडे दाखवलं. मावशींना कुठे तोंड लपवू असं झालं.

तेवढ्यात विरोधातले हात मागितले गेले. मावशींचा हात जेमतेम खांद्यापर्यंत गेला. आजींचा मात्र सरळ वर. साहेबांना तो दिसला, आणि समोरचा माइक चालू आहे याचं त्यांना भान राहिलं नाही.

"आई, हात खाली घे."

"का रे? माझेही शेअर आहेत."

हास्याचा एकच गडगडाट झाला. साहेब कानापर्यंत लाल झाले, मग त्यांनाही हसू आवरेना. हा ठराव आज मागे घेतो, ते म्हणाले; नफ्याबरोबर वाढेल आणि तोट्याबरोबर घटेल असा पगार ठरवून पुन्हा आणू. टाळ्या वाजल्या. वरचे हात खाली आले.

आजींचा आला नाही. तो थरथरायला लागला तसा मावशींनी कोपराखाली आपला तळवा धरला.

"आजी, आता मतदान नाही," सेक्रेटरी जवळ येऊन वाकून म्हणाला.

"ते राहू दे," आजी म्हणाल्या. "आधी मोज."