मिलिंद सांगतो

"शू आली!"

आजीच्या मांडीवरून मिलिंदने आरोळी ठोकली आणि पालमहून पूर्ण्याला निघालेली एसटी करकचून थांबली. ड्रायव्हर सूर्यभानची ख्याती अशी की हात केलेल्या सरपंचाच्या तोंडावर धूळ उडवत तो गाडी पुढं काढायचा. पण अडीच वर्षांच्या पोराच्या एका शब्दावर त्याने ब्रेक दाबला.

मिलिंदच्या बापाची, आसाराम गुरुजींची, छाती फुगली. पोरगं सांगून करतं, ही त्यांची तीन आठवड्यांची मेहनत होती. सांगितलं की गुळाचा खडा, न सांगता केलं की खडा नाही. शाळेतली चाळीस पोरं त्यांनी शिस्तीला लावली होती, तिथं घरचं एक काय!

मे महिन्याची सुट्टी होती. सगळं घर पहिल्यांदाच फिरायला निघालं होतं, वेरूळची लेणी बघायला. पूर्ण्याहून दोनची रेल्वे धरायची होती. ती चुकली तर दुसरी उद्याच, आणि गुरुजींनी वर्षभर रंगवलेली सहल फलाटावरच आटोपणार होती.

निघताना त्यांची आई गोजरबाई म्हणालीच होती, "लंगोट बांध रे. एवढ्याशा लेकराचा काय भरोसा?"

"भरोसा माझा," गुरुजींनी बजावलं होतं. तरी म्हातारीने जुन्या लुगड्याचे चार तुकडे पिशवीत कोंबलेच. गुरुजींना त्याचा राग आला होता.

ते पोराला घेऊन पुढच्या चाकाशी गेले. मिलिंदने काम उरकलं. गाडी थांबलीच आहे म्हणून चार बायकाही बाभळीच्या बाजूला गेल्या. त्यांत दैवशालाला, म्हणजे गुरुजींच्या बायकोला, घेऊन गोजरबाईही होती.

"काय गुणाचं लेकरू हाय!" गाडीत परतल्यावर शेजारच्या बाकावरच्या कमलबाई नावाच्या म्हातारीने मिलिंदवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. "आमचं सहा वर्साचं झालं तरी गादी भिजवायलंय."

गुरुजी नुसते हसले. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, हे आपल्या तोंडानं कशाला सांगायचं?

गाडी सुटली. ऊन मी म्हणत होतं. दैवशालाला पाचवा महिना होता. एसटीचा प्रवास म्हणून पहाटेपासून ती पाण्याला शिवली नव्हती. तिचे ओठ पार सुकले होते. गोजरबाईने तांब्या तिच्यापुढं धरला.

"पी."

"नको, आत्याबाई. लय लांब जायचंय."

"पोटात जीव हाय. गुमान पी. बाकीचं मी बघते."

आईचा दरारा गुरुजींना लहानपणापासून ठाऊक होता. बायकोची त्यांना दया आली. सुट्टीतही बिचारीला हुकूम चुकले नाहीत. दैवशालाने अर्धा तांब्या संपवला. गोजरबाईने मिलिंदच्या तोंडात गुळाचा खडा सारला आणि त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. आजी-नातवाचं गूळपीठ जुनंच होतं.

घटकाभराने पुन्हा आरोळी. "शू आली!"

"गुरुजी, ही दुसरी बारी हाय," कंडक्टर कुरकुरला.

"सांगतंय तरी ना? तुमच्या सीटवर केली असती तर?"

बायका पुन्हा आडोशाला गेल्या. खाली उतरून मिलिंद बराच वेळ एका मुंगळ्याकडं बघत उभा राहिला. झालं काहीच नाही. "गेली," तो म्हणाला. गुरुजी थक्क झाले. आलेली परत पाठवतो! एवढा ताबा तर मोठ्यांनाही साधत नाही. वर येऊन त्यांनी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली आणि गाडीतल्या माणसांनी तोंडात बोटं घातली.

तिसऱ्या वेळी मात्र कंडक्टर उखडला. "आता थांबणार न्हाई. लोकांच्या रेल्वे चुकायलाल्यात. परत वरडलं तर तुमाला इथंच उतरवून जाईन."

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. पूर्णा अजून सात-आठ मैल होतं आणि एक वाजून गेला होता. "बाळा, थोडं धर," ते म्हणाले. मिलिंदने आजीकडं पाहिलं. मग आईकडं पाहिलं. दैवशाला खालचा ओठ दाताखाली धरून खिडकीबाहेर बघत होती. मिलिंदने छाती भरून घेतली.

"शू आली! शू आली! शू आली!"

"लेकराचा तळतळाट घ्यायचाय का?" कमलबाई गरजली. मागच्या बायकांनी गलका केला. सूर्यभानने मुकाट्याने गाडी बाजूला घेतली आणि उतरून मिलिंदला पालथ्या हाताने सलाम ठोकला. "साहेब, तुमचा हुकूम."

गुरुजींचे डोळे भरून आले. एवढ्या मोठ्या गाडीला एवढासा जीव थांबवतो! वेरूळला डोंगर वरून खाली कोरत आणलाय म्हणतात, ते नवल मोठं की हे, त्यांना ठरवता येईना. याही वेळी मिलिंदने काही केलं नाही. आडोशाला गेलेल्या बायका, त्यांत दैवशालाही, लगबगीने परत आल्या.

सूर्यभानने गाडी अशी दामटली की दोनला पाच मिनिटं असताना ते फलाटावर होते. रेल्वे मिळाली. खिडकीजवळ जागाही मिळाली. दैवशालाचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा मोकळा दिसत होता. तिने आपणहून तांब्या तोंडाला लावला आणि सासूकडं बघून हसली. या दोघींचं एवढं केव्हा जमलं, याचं गुरुजींना जरा नवल वाटलं.

त्यांनी मिलिंदला आपल्या पांढऱ्याशुभ्र लेंग्यावर बसवलं आणि समोरच्या प्रवाशांना एसटीतला पराक्रम पहिल्यापासून सांगायला घेतला. सूर्यभानच्या सलामापर्यंत आले आणि मांडीला एकदम ऊब लागली. ती बघता बघता गुडघ्यापर्यंत पसरली.

गोजरबाईने पिशवीतून लुगड्याचा तुकडा काढला.

"अरे बाळा!" गुरुजी ओरडले. "सांगायचं असतं ना? एसटीत तीनदा सांगितलंस की!"

मिलिंदने बापाकडं नवलाने पाहिलं.

"ही माजी हाय, बाबा. आईची न्हाई."