आमरीची नोंद

धुळाजीने तेलात कालवलेला शेंदूर ओल्या दगडाला फासला. तलावाच्या बांधावर जेसीबीची घरघर सुरू झाली होती.

दगडाभोवती, बांधातून पाझरणाऱ्या पाण्यात, वीतभर उंचीची आमरी, जमिनीवर उगवणारं ऑर्किड, उभी होती. तीसेक रोपं, बारीक पांढरी फुलं. ही कोकणात, घाटात पाणथळीला येते, बीड जिल्ह्यात तिची नोंद नाही, असं अंबाजोगाईच्या कॉलेजातल्या मॅडम म्हणाल्या होत्या. त्यांनी ती फुलावर आलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली की नोंद होणार होती. पहिल्यांदा दाखवणारीचं नावही त्यात येणार होतं. भिवराबाई. धुळाजीची बायको. ती दिवाळीत गेली. मॅडम उद्या येणार होत्या.

आणि पाइपलाइनचा चर आज इथूनच जायचा होता. काल त्याने जेसीबीवाल्या बंकटपुढे हात जोडले होते. "गवतासाठी कुणी चर वाकडा करतं का, मामा?" म्हणून बंकट हसला होता.

जेसीबी बांधाखाली आला आणि थांबला. बंकटने शेंदूर पाहिला. चप्पल मशीनमध्येच सोडून तो खाली उतरला.

"ह्यो देव कवाचा, मामा?"

"लई जुना हाय. गवतात दबलेला."

"मग काल कावून न्हाई बोललात?"

"तू हसत होतास."

बंकटने कानाच्या पाळ्या धरल्या. "चुकलं. चर पलीकडून घेतो."

त्याने खरंच मशीन वळवलं. धुळाजी बांधावर बसला. पण थोड्या वेळाने जेसीबी परत आला. बकेट मुरमाने भरलेली होती.

"देवापुढं चिखल बरा दिसत न्हाई. दोन बकेट मुरूम टाकतो. आपल्याकून सेवा."

देव नाही म्हणावं तर चर, आणि आहे म्हणावं तर मुरूम. धुळाजी चिखलात शिरला, गुडघे टेकले आणि रोपांवर ओणवा झाला.

"सरका, मामा! लागंल की!"

"ह्या देवाला चिखलच लागतो. कोरड्यात ऱ्हात न्हाई त्यो."

"असं कुणी सांगितलं?"

"तुझ्या मामीनं."

बंकटचा हात लिव्हरवरच थांबला. मशीन चालूच होतं. वर धरलेल्या बकेटमधून मुरमाचे बारीक खडे धुळाजीच्या पाठीवर पडत होते.