कुणालाच न दिलेली जोडी

गारखेड्यातल्या छोट्या प्रयोगशाळेत हिमानी सकाळपासून एकच काम करत होती. प्रत्येक रुग्णाच्या डीएनएला दोन क्रमांकाच्या खुणा जोडलेल्या असत, एक पुढं आणि एक मागं, म्हणजे कोणता नमुना कुणाचा ते जोडीवरून कळे. कोणती जोडी किती वेळा आली, ते सॉफ्टवेअर मोजून द्यायचं.

सात आणि एकतीस ही जोडी कुणालाच दिलेली नव्हती. तरी त्या जोडीपुढं आकडा आला, चारशे.

हिमानीनं कंटाळून तीच फाइल पुन्हा चालवली. आठशे.

बाकीचे आकडे होते तसेच होते. फक्त फुलंब्रीच्या आवडाबाई या रुग्णाचा आकडा आठशेवरून चारशेवर उतरला होता.

"फाइल तीच, मग आकडा बदलेल कसा?" प्रयोगशाळेचे प्रमुख केशव सर वैतागून म्हणाले. "डोळे थकलेत तुझे. ऊठ, मी बघतो."

हिमानीला राहवलं नाही. तिनं आवडाबाईंच्या मुलाला, सांडूला फोन लावला.

"आईची तब्येत कशी आहे?"

"बरी हाय मॅडम. पण सकाळपासून लई गप हाय. हाक मारली तरी ओ देत नाय. ही काय, समोरच बसलीय."

"सर, थांबा!" हिमानी ओरडली. पण सरांनी फाइल पुन्हा चालवायचं बटण दाबलं होतं. पडद्यावर बाराशे आले. आवडाबाईंच्या नावापुढं शून्य.

"सांडू, आईकडं बघा. ठीक आहेत ना त्या?"



"कुणाची आई, मॅडम?" सांडूनं विचारलं.