पार्किंगची पैज

"बाहर गए तो चिठ्ठी खतम, साब. अंदर आए तो नई चिठ्ठी, नये पैसे," इस्पितळाच्या पार्किंगच्या फाटकावरचा गौस म्हणाला. रोज म्हणायचा तसंच.

"हम क्या शौक से आते क्या मियाँ? घरवाली आयसीयू में है," हणमंतराव गाडीच्या खिडकीतून ओरडले.

"मालूम है, साब."

मागे हॉर्न सुरू झाले. तारनाक्याचा एक निवृत्त गृहस्थ स्कूटरवरून उतरून म्हणाला, "द्या हो देऊन. रस्त्यावर लावली तर पोलीस उचलतात, आत लावली तर हे सोलतात. आजारी माणसापायी आपली मान यांच्या सुरीखाली." हणमंतरावांनी पैसे काढले आणि गौसच्या अंगावर फेकावेत असं वाटूनही त्याच्या हातातच दिले.

बेगम बाजारात त्यांचं मसाल्याचं दुकान होतं. उभा जन्म घासाघीस करण्यात गेला, पण या इस्पितळात त्यांची डाळ शिजत नव्हती. औषधांच्या बिलावर बोलायची सोय नाही, डॉक्टरांना थांबून ऐकायला वेळ नाही, आणि चतुराबाईंच्या थकलेल्या हृदयाशी भांडणार कोण? उरला गौस. त्याच्याशी भांडता येत होतं, म्हणून ते भांडत होते.

त्यात एके सकाळी त्यांनी भलतंच पाहिलं. बाहेर पडताना त्यांच्या पुढे एक पांढरी गाडी होती. गौसच्या केबिनमधला फोन वाजला. त्यानं ऐकलं, मान हलवली, बाहेर येऊन गाडीचा नंबर पाहिला आणि चिठ्ठी न मागता, पैसे न घेता दांडा वर केला. मागच्या सीटवर एक बाई काचेला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती. गाडी निघून गेली.

"इनकू मुफत कायकू?" हणमंतरावांनी विचारलं.

"उनका अलग है, साब," गौस म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला.

म्हणजे वशिला. एका फोनवर काम. हणमंतरावांच्या डोक्यात तिडीक गेली. आयसीयूत भेटायचा पास देताना इस्पितळानं त्यांच्याही गाडीचा नंबर लिहून घेतला होता. तो काय फक्त लुटायला?

परत येऊन वर गेल्यावर त्यांनी हे सगळं चतुराबाईंना सांगितलं. मुलगी प्रणिता बापाला डोळ्यांनी दटावत होती, पण चतुराबाईंना ऐकायचं होतं. गौळीगुड्याच्या घरात त्या दोघांचं सगळं आयुष्य दुकानातली भांडणं सांगण्यात आणि ऐकण्यातच गेलं होतं. त्यांनी तोंडावरचा मास्क जरा बाजूला केला.

"मग तुम्ही का नाही सुटत फुकट?"

"माझा कोण आहे वर फोन करणारा?"

"एवढे बाजारातले हुशार तुम्ही." त्यांना धाप लागली. थांबून म्हणाल्या, "एक दिवस त्या मियाँकडून फुकट सुटून दाखवा. मग मानीन तुम्हाला."

"पैज?"

"पैज."

त्या हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या. हणमंतरावांना वाटलं, एवढ्यावरही ही उठून बसेल. माणूस किती वेड्यासारखी आशा धरतो.

त्यानंतर ते रोज फाटकावर नवीन युक्ती घेऊन जायचे. कधी गोडीत, कधी गुर्मीत, एकदा तर घरच्या मसाल्याची पुडी घेऊन. गौस पुडी परत करायचा आणि पैसे घ्यायचा. संध्याकाळी चतुराबाई फक्त भुवया उडवून विचारायच्या, आणि हणमंतराव मान हलवायचे. पुढे पुढे त्यांना भुवया उडवणंही जमेना. डॉक्टर प्रणिताला बाजूला घेऊन काहीतरी बोलले. तिनं ते वडिलांना सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. ऐकायची हिंमत नव्हती, हे खरं.

त्या दुपारी चतुराबाईंनी डोळे उघडले.

"मुंजल मिळतात का आता?"

इथे ताडगोळ्यांना मुंजल म्हणतात. डॉक्टर म्हणाले, त्यातलं पाणी चमच्यानं ओठांना लावा. हणमंतराव खुर्चीवरून उठले.

"आत्ता आणतो. गाडी काढतो आणि आलो."

"पैज?" त्यांनी पुटपुटत विचारलं.

"आज जिंकतोच बघ."

तळघरात त्यांच्या गाडीपुढे कुणीतरी आडवी गाडी लावून गेलं होतं. तिथे मोबाईलला रेंज नसते, त्यामुळे कुणाला बोलावायचीही सोय नाही. पैसे घ्यायला माणसं, गाडी लावून द्यायला कुणी नाही. बराच वेळ हणमंतराव घामानं भिजत, शिव्या देत उभे राहिले. शेवटी तो गाडीवाला एकदाचा आला. पैसे मुठीत धरून, गौसला काय काय ऐकवायचं ते मनात जुळवत, ते चढावरून वर आले.

गौस केबिनमध्ये फोन ठेवत होता. बाहेर येऊन त्यानं गाडीच्या नंबराकडे बघितलं. हणमंतरावांनी चिठ्ठी आणि पैसे पुढे केले.

"नक्को, साब," तो म्हणाला आणि दांडा वर केला.

हणमंतरावांचा विश्वास बसेना. "मुफत?"

"हौ, साब. जाओ."

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या छातीवरचं ओझं हललं. म्हाताऱ्या चेहऱ्यावर पोरकट आनंद पसरला. त्यांनी घाईघाईनं मोबाईल काढला. प्रणिताला सांगावं, फोन आईच्या कानाला लाव, मी पैज जिंकलो. पण चतुरा आधी विचारणार, कसं काय जमवलंत. खरंखुरं सांगता यायला हवं.

"बोलो तो सही मियाँ," ते हसत म्हणाले, "आज कैसी मेहेरबानी?"

गौसनं डोक्यावरची टोपी सारखी केली आणि मान खाली घातली.

"मय्यत के घर से हम लोगां पैसे नै लेते, साब."